आई-बाळाचं नातं मोजायचं कसं?



बाळाचा जीव आईत किती आहे, हे घरातली आजी पाहताक्षणी सांगते. डॉक्टरांना तसं सांगून भागत नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे मला यात रोकड मोजणं आठवतं. एकीने मोजली तरी आणि दुसरीने मोजली तरी आकडा तोच यायला हवा.

1952 मध्ये लंडनच्या जेम्स रॉबर्टसन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. तेव्हा तिथल्या इस्पितळांत मुलांना भेटायला आईवडिलांना फारच कमी वेळ मिळे. मुलं एक-दोन दिवस रडतात, मग रुळतात, असं डॉक्टर-नर्स म्हणत. रॉबर्टसन म्हणत, ती रुळत नाहीत, मनातून खचतात. पण ऐकणार कोण? मग त्यांनी लॉरा नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. ती हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दाखल होती. सोयीचे तेवढेच क्षण निवडले, असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळीच कॅमेरा चाले आणि भिंतीवरचं घड्याळही चित्रात दिसे. (कुठल्याही ऑडिटरला आवडेल अशी गोष्ट!) लॉरा फारशी रडली नाही. पण घरी निघताना तिने आईचा हात धरला नाही. डॉक्टरांच्या सभेत ही फिल्म दाखवली तेव्हा बरेच जण चिडले. तरी 1959 च्या प्लॅट अहवालाने मुलांना भेटण्यावरची बंधनं काढावीत आणि आईला सोबत राहू द्यावं, अशी शिफारस केली.

रॉबर्टसन यांच्या नोंदींवर काम केलेल्या मेरी एन्सवर्थ 1954 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे युगांडात गेल्या. कंपालाजवळच्या गावांत घरोघरी जाऊन त्यांनी 28 बाळं पाहिली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला 26 कुटुंबांकडे वर्षभर जात राहिल्या, एकेका भेटीत चार-चार तास. दवाखान्यात एवढा वेळ कुठून आणायचा? त्यांनी वर्षाच्या बाळासाठी साधारण 20 मिनिटांची पद्धत बसवली. खेळण्यांची खोली, आई, एक अनोळखी बाई. आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते.

बाळ किती रडलं, हे इथे मुख्य नाही. आई परतल्यावर ते काय करतं, ते पाहायचं. कुशीत शिरून शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं का? चिडून, हात-पाय झाडून शांतच होत नाही का? की आईकडे बघतही नाही? हे तिसरं बाळ बाहेरून किती शहाणं दिसतं! पण पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर आतून तीही घाबरलेली निघाली. लॉराची आठवण होते.

विश्वासार्हता ठरवायची रीत अशी: शिकलेले दोन जण एकच चित्रफीत वेगवेगळी पाहून नोंद करतात. घरची माहिती त्यांना दिलेली नसते. नंतर नोंदी ताडून बघतात.

पण दोघींचा आकडा जुळला, म्हणजे मोजली ती रोकडच होती असं नाही. 1980च्या दशकात जपानमध्ये सप्पोरोला हीच चाचणी केली तेव्हा पुष्कळ बाळं इतकी रडली की आवरेनात. आईपासून क्वचितच दूर राहिलेली ती बाळं. नातं कच्चं होतं, की खोलीच त्यांना परकी होती? आपल्याकडे आजी-काकूंच्या कडेवर वाढणारी बाळं त्या खोलीत काय करतील, हे माझ्या मनात येतंच.

परदेशात बाळ आईकडे ठेवायचं की नाही, अशा निर्णयांतही या वर्गवारीचा आधार घेतला जाऊ लागला. तेव्हा 2017 मध्ये या विषयातल्या अनेक संशोधकांनी एकत्र येऊन लिहिलं, की ही पद्धत समूहांच्या अभ्यासासाठी आहे. एका खोलीतल्या काही मिनिटांवरून एका आईबद्दल निकाल देण्याइतकी ती अचूक नाही. त्यापेक्षा आई बाळाशी कशी वागते, ते घरी जाऊन पुन्हा पुन्हा पाहावं आणि तिला मदत द्यावी.