खरखर ते शांतता : घरातल्या आवाजाची गोष्ट

सूसमध्ये आपण इथे जमलोय आणि ऑनलाइनही बरेच जण ऐकताहेत. मघाशी सुरुवातीलाच आपल्या ब्लूटूथ स्पीकरचा आवाज दोनदा तुटला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "यापेक्षा जुना रेडिओ बरा होता." आज आपण तेच तपासू.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांची ५६ गीतं, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक गीत. तेव्हा घरोघरी मीडियम वेव्ह ऐकायचे. या पद्धतीत लहरीची उंची कमीजास्त करून आवाज पाठवतात. त्यामुळे वीज कडाडली की तिचा धक्का थेट आवाजात मिसळायचा, रेडिओ खरखरायचा. पण मूळ आवाज पुसला जायचा नाही. शब्द निवडून घ्यायचं उरलेलं काम आपला कान करायचा.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि हे काम कानाकडून यंत्राकडे गेलं. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं आकड्यांत लिहिलेली असतात. सोबत जादा आकडेही असतात. बारीक ओरखडा पडला तर यंत्र त्यांवरून हरवलेलं माप पुन्हा काढतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. मात्र ओरखडा मोठा असला की गाणं अडकतं, उड्या मारतं, नाहीतर बंदच पडतं. म्हणजे डिजिटलमध्ये बिघाड आधी लपतो आणि मग एकदम समोर येतो.

पुढची पायरी आणखी महत्त्वाची. मार्च २००० मध्ये एशियास्टार उपग्रह अवकाशात गेला आणि वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ भारतात आला. वर्गणी भरायची, छोटा अँटेना आकाशाकडे रोखायचा. आपल्या भागातून तो उपग्रह पूर्वेला, जरा आग्नेयेकडे झुकलेला आणि चांगला उंच होता. त्यामुळे टेकडी आड यायची नाही, पण पश्चिमेच्या खिडकीतून काहीच मिळायचं नाही. 'गंधर्व' वाहिनीवर दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, तेही खरखरीशिवाय! रसिक खूश होते. २००८ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. घराघरांतले ते संच बिघडलेले नव्हते. तरी ते मुके झाले.

आपल्याला इथे थांबून विचार करायला हवा. १९५५ चा रेडिओ संच दुरुस्त करून आजही आकाशवाणी लावता येते. वर्ल्डस्पेसचा संच कितीही दुरुस्त केला तरी त्यावर काही लागणार नाही. आज आपण ऐकतो ती बरीचशी गाणी अशीच दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतात. २०१७ मध्ये सारेगामाचा कारवाँ आला, आत ५,००० गाणी भरलेली, इंटरनेट नको. घरातल्या ज्येष्ठांना तो का आवडला, हे यावरून समजतं.

तेव्हा जुना रेडिओ बरा होता का? आवाजाच्या बाबतीत नाही. पण त्याचा बिघाड आपल्याला ऐकू यायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्तही व्हायचा. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. आजीच्या ओव्या, घरातलं भजन मात्र फक्त आपल्या फोनमध्ये आहे. आज घरी गेल्यावर त्याची प्रत आणखी दोन ठिकाणी ठेवूया.

आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन मंडळी, आवाज येतोय ना?