चिकाचे तीन दिवस

अंगावरचं दूध आणि वरचं दूध. तान्ह्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या दुधाची मराठीनं एवढी दोनच खाती केली. दुसऱ्या खात्यात शेळी, गाय, म्हैस आणि पुढे पत्र्याचा डबा असं सगळं एकत्र मांडून टाकलं. डबा फार उशिरा आला, पण त्याची जागा आधीच तयार होती. ती जागा म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले तीन दिवस, ज्यात ‘अजून पान्हा फुटला नाही’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि दुसरं कुणीतरी वाटी घेऊन येतं. गरोदरपणात मधुमेह झालेल्या आईनं बाळाला पावडरचं दूध द्यावं का, हा आज नंदुरबारसारख्या जिल्ह्यातही उभा राहणारा प्रश्न दिसायला नवा आहे. मला मात्र तो त्याच जुन्या तीन दिवसांचा प्रश्न वाटतो. ते तीन दिवस आजवर कोणी आणि कशानं भरले हे पाहिल्याशिवाय आईच्या निवडीबद्दल बोलणं म्हणजे तिच्या माथी दोष मारणं आहे.

याबाबत जुन्या ग्रंथांतही एकमत नाही. हृदयातल्या धमन्या उघडून दूध यायला तीन-चार रात्री लागतात, असं सुश्रुतसंहिता मानते. म्हणून तोवर मध आणि तूप चाटवायला सांगते. चरकसंहितेत मध-तुपाचा संस्कार आहेच, पण त्यानंतर बाळाला लगेच उजव्या स्तनाला लावायचं आहे. लोकव्यवहारानं बहुतेक ठिकाणी सुश्रुताची बाजू घेतली. पुणे जिल्ह्याच्या 1885 च्या गॅझेटियरमधली जातवार वर्णनं वाचली की मध किंवा दूध लावलेली चिंधी चोखवायची आणि चौथ्या दिवशी बाळ अंगावर घ्यायचं, ही रीत अनेक जातींत सापडते. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा पाड्यांची रीत यावरून ठरवायची नाही. तिथं बाळंतपणाचे नियम कोसाकोसावर बदलतात. पण मैदानी गावांत गूळपाणी, मध, सहाणेवर उगाळलेली घुटी आणि बोंडल्यातलं शेळीचं दूध हे पहिल्या दिवसांचं अन्न होतं. आईचं पहिलं, पिवळट, चिकट दूध मात्र पिळून टाकायचं. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटणाऱ्या समाजानं आईचा चीक जमिनीवर सांडावा, ही विसंगती कुणाला खटकल्याचं दिसत नाही. त्या तीन दिवसांत आईला दूध नसतं असं मुळी नव्हतं. तिच्याकडे जे होतं त्याला कुणी दूध म्हणत नव्हतं.

डबा आला तो या समजुतीवर. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी 1867 च्या सुमारास बाळाचं पीठ बाजारात आणलं. मुंबईत 1924 साली एच. जे. फोस्टर अँड कंपनी स्थापन झाली ती ग्लॅक्सो नावाचं बाळदूध विकण्यासाठी; पुढे औषधांसाठी ओळखली गेलेली कंपनी ती हीच. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारी रेल्वे 1900 च्या सुमारास नंदुरबारला आलेली होती. तेव्हा हा सारा मुलूख खानदेशात मोडत होता. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. रुळावरून डबा इथवर यायला अडचण नव्हती, परवडण्याची होती. आयात केलेलं बाळदूध हा पगारदार आणि व्यापारी घरांचा माल होता. चित्र पालटलं ते शेजारच्या गुजरातमुळे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. 1955 मध्ये तिथं भुकटीचा कारखाना उभा राहिला आणि म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीनं 1960 मध्ये अमूलचं बाळदूध बाजारात आलं. परकी चलन वाचलं, शेतकऱ्याला भाव मिळाला, आणि डबा स्वदेशी झाला. बाळदुधाची जाहिरात ही त्या काळी प्रगतीची जाहिरात होती, हे आज विसरून चालणार नाही. ज्या आयांनी तेव्हा डबा घेतला त्या फसल्या असं सरसकट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना डॉक्टर, मासिक आणि दुकानदार तिघंही एकच सांगत होते.

तरीही डब्याचा हिशेब गरीब घरात जुळत नाही, आणि तो जवळून पाहायला हवा. तीन किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 450 मिलिलिटर दूध लागतं. बहुतेक डब्यांवर 30 मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. म्हणजे दिवसाला पंधरा चमचे, आणि 400 ग्रॅमचा डबा सहाएक दिवसांत तळाला. रोजंदारीच्या घरात मग तो पुरवून पुरवून वापरला जातो. पंधराचे दहा चमचे होतात, पाणी तेवढंच राहतं, बाटली भरलेली दिसते आणि बाळ मात्र वाळत जातं. शिवाय ही भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये सांगितलं की पाणी उकळून, ते 70 अंशांच्या खाली जाण्यापूर्वी त्यात भुकटी मिसळायची, लगेच थंड करून पाजायची आणि दोन तासांत उरलेलं टाकून द्यायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, चूल पेटवून हे करायचं. आता हेच ऊसतोडीला सुरत जिल्ह्यात गेलेल्या अक्कलकुव्याच्या जोडप्याच्या झोपडीत कल्पून पाहावं, जिथं पाणी शेताच्या कडेचं असतं आणि पहाटे कोयता घेऊन निघायचं असतं. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1939 मध्ये सिंगापुरात दूध आणि खून हे दोन शब्द एकाच शीर्षकात घालून भाषण केलं, ते अशाच झोपड्या पाहून.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेनं बाळदुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. 118 देश बाजूनं, एकटी अमेरिका विरोधात. डिसेंबर 1991 मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी जाळं स्थापन झालं. बाळदुधाच्या विक्रीवरचा 1992 चा कायदा 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये अधिक कडक झाला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डॉक्टर-नर्सना भेटी बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र बंद. विक्री मात्र बंद नाही, आणि तशी नसावीच. हा कायदा मला आपल्या चांगल्या कायद्यांपैकी एक वाटतो. पण तो भिंतीवरचं पोस्टर उतरवू शकतो, बाळंतिणीच्या खाटेशी कुणाला बसवू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. 2015-16 ते 2019-21 या काळात देशात दवाखान्यातली बाळंतपणं सुमारे 79 टक्क्यांवरून 89 टक्क्यांवर गेली. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र 41.6 टक्क्यांवरून 41.8 वर आली. म्हणजे जागची हलली नाहीत. सुईण गेली, गूळपाणी गेलं, सिझेरियन आलं, आणि आईबाळातली ती पोकळी आहे तिथंच राहिली.

या पोकळीत आता शुगर आली. शुगर हा खात्यापित्या माणसाचा रोग, सातपुड्यात कुपोषणाचं बोला, असा आक्षेप येईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जे काम केलं त्यानं या आक्षेपाचा पाया काढून घेतला. तिथली बाळं वजनानं लहान, पण अंगात चरबी मात्र तुलनेनं जास्त. उपाशी पिढीची लेक पुढे थोड्याशा अन्नानंही मधुमेहाकडे झुकू शकते. म्हणून कुपोषण आणि शुगर हे एकाच घरचे पाहुणे मानायला हवेत. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणलेली तपासणी अशा मुलखाला सोयीची आहे: पोटात काही असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी रक्तातली साखर 140 किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजायचा. पाड्यावरून उतरून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हणणं म्हणजे येऊच नका म्हणणं. केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनीही हीच पद्धत घेतली. नंदुरबारपुरती तिची आणखी एक सोय आहे. इथं सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि तांबड्या पेशी लवकर मरतात तिथं तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी आकडा कमी दाखवू शकते.

मधुमेही आईच्या बाळाचं पहिल्या तासांत काय होतं? पोटात असताना आईची जादा साखर पचवायला त्याचा स्वादुपिंड इन्सुलिन भरपूर करायला शिकलेला असतो. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन थांबत नाही. तास-दोन तासांत बाळाची साखर उतरू लागते. नेमकं याच आईचं दूध उतरायलाही कधी कधी एखादा दिवस जास्त लागतो, कारण दूध तयार होण्यातही इन्सुलिनचा हात असतो. म्हणजे जुनी समजूत या एका आईच्या बाबतीत अर्धी खरी ठरते. बाळाच्या टाचेतून काढलेल्या थेंबावर आकडा खाली आला, चीक पाजूनही वर जाईना, आणि दवाखान्यात दुसऱ्या आईचं दूध मिळण्याची सोय नाही, तर मोजून दिलेलं पावडरचं दूध हे औषध आहे. ते देणाऱ्या आईनं मान खाली घालण्याचं काही कारण नाही. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केली; प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात तशी असती तर डब्याची ही गरजही उरली नसती. पण हे दूध वाटी-चमच्यानं, काही मिलिलिटर, आकडा सावरेपर्यंत द्यायचं. घरी जाताना पिशवीत डबा असणं ही निराळी गोष्ट आहे. बहुतेक वेळा या दोन गोष्टींमधला फरक आईला कुणी सांगितलेला नसतो.

‘शुगरवालीचं दूध गोड असतं, बाळाला शुगर लागेल’ ही भीती तर निखालस चुकीची आहे. शिवाय अमेरिकेत गरोदरपणात मधुमेह झालेल्या 959 आयांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्या आयांनी अंगावर जास्त पाजलं, त्यांना पुढे मधुमेह कमी झालेला दिसला. फायदा आईचाही आहे, ही बाजू आपल्याकडे बोललीच जात नाही. सगळी भाषा बाळाच्या हिताची आणि आईच्या कर्तव्याची असते. यावर कुणी म्हणेल, शरीर तिचं, निवड तिची. मान्य आहे. जिला पाजायचं नाही तिला डबा नीट कसा करायचा हे शिकवलंच पाहिजे, न शिकवणं ही शिक्षा होईल. पण रात्री दोन वाजता, टाके दुखत असताना, बाळ दुसऱ्या खोलीत आणि सासू दारात असताना जे ठरतं त्याला निवड म्हणायला माझी जीभ धजत नाही. उलट बाजूनं कुणी म्हणेल, या जिल्ह्यात डब्याचं नावच काढू नका. नाव न काढल्यानं डबा गेलेला नाही. तो किराणा दुकानात साबणाशेजारी असतो, आणि न विचारता आणला की चमच्याचं प्रमाणही कुणी सांगत नाही.

ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये इतर गुंतागुंत नसलेल्या 635 मधुमेही गरोदर स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या जणींना छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज दोनदा हातानं चीक काढून साठवायला शिकवलं. त्यानं बाळांना अपाय झाला नाही, आणि त्या बाळांना पहिल्या दिवसांत वरचं दूध कमी लागलं. आपण जमिनीवर सांडत होतो तोच चीक, तिथं थेंबाथेंबानं सिरिंजमध्ये. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या भागात बाळंतपणाआधी काही दिवस आरोग्य केंद्रात येऊन राहण्यासाठी माहेरघर योजना आहे. ते दिवस हे शिकवायला पुरेसे आहेत, आणि ज्या बाईची साखर वाढलेली आहे तिला तर मुद्दाम बोलवायला हवं. केंद्रातल्या लशींच्या शीतपेटीत मात्र दुसरं काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. तेव्हा माहेरघराच्या खोलीत एक छोटा फ्रीज वेगळा लागेल, आणि वीज गेली की तो उघडायचा नाही एवढं सांगणारी एक नर्स.