कोकण बोटीची वाट

मुंबईपासून पणजीपर्यंत कोकणच्या किनाऱ्याने जाणारी आगबोट शंभर वर्षांहून अधिक काळ या प्रदेशाचा हमरस्ता होती. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळतात तिथे लांबरुंद खाड्या होतात आणि या खाड्यांनी उत्तर-दक्षिण प्रवासाची वाट ठिकठिकाणी तोडली आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. जमिनीवरून जाणाऱ्याला जी खाडी आडवी येई, तीच समुद्रावरून येणाऱ्याला आसरा देई. त्यामुळे इथली जुनी नांदती गावे रस्त्यावर न वसता खाडीच्या तोंडाशी वसली आणि एका गावाचा दुसऱ्याशी संबंध राहिला तो पाण्यावरून.

आगबोटीआधी ही वाहतूक शिडांची होती. मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या, गलबते वाऱ्याच्या मर्जीने चालत आणि मुंबई गाठायला किती दिवस लागतील हे तांडेलही सांगू शकत नसे. खाड्या गाळाने भरत गेल्या तशी काही बंदरे मागे पडली. राजापूर हे त्याचे ठळक उदाहरण. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. पण पुढे गाळामुळे मोठी गलबते गावापर्यंत पोहोचेनाशी झाली आणि व्यापार खाडीच्या मुखाकडे, जैतापुराकडे सरकला.

वाफेची जहाजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मुंबईला येऊ लागली होती, पण कोकणच्या किनाऱ्यावर नियमित उतारू वाहतूक उभी राहिली ती उत्तरार्धात. १८७० च्या दशकात शेफर्ड कंपनीच्या बोटी इथल्या बंदरांना लागत होत्या आणि १८८० साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या वाहतुकीची नोंद आहे. पुढे किलिक निक्सन या व्यवस्थापकीय पेढीच्या हाताखालची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी किनाऱ्यावरची सर्वांत मोठी झाली.

या बोटी भरल्या त्या मुंबईतल्या गिरण्यांमुळे. पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि मनुष्यबळ रत्नागिरी जिल्ह्यातून येऊ लागले. तिथे डोंगरउताराची थोडी भातशेती, तीही खोतांच्या अमलाखालची. घरातला एक तरी पुरुष मुंबईला गेल्याशिवाय वर्ष निघत नसे. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या पावणेआठ लाखांच्या आसपास वस्तीत सव्वा लाखाच्या घरातली माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, म्हणजे साधारण दर सहांतला एक. हाच चाकरमानी. त्याच्या मनीऑर्डरीवर गाव चाले आणि तो स्वतः वर्षातून एकदा, शिमग्याला, मे महिन्यात किंवा गणपतीला, बोटीने घरी येई.

प्रवास सुरू होई भाऊच्या धक्क्यावरून. हे नाव लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचे. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर धक्का बांधला. आज माझगावला ज्याला भाऊचा धक्का म्हणतात तो त्याचा नंतरचा अवतार आहे. सकाळी सुटलेली बोट सगळी बंदरे घेत साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. केबिनचे तिकीट परवडणारे थोडे. बाकी सगळे डेकवर वळकटी पसरून जागा धरत. समुद्र खवळला की अनेकांना ‘बोट लागे’. मळमळ आणि ओकारी यांना मराठीत हा शब्द याच प्रवासाने दिला आणि पुढे घाटात एसटीत ओकणाऱ्यालाही ‘गाडी लागली’ असे म्हणू लागले ते बहुधा त्याच वळणावर.

बोट दक्षिणेला निघाली की किनारा डाव्या हाताला राही आणि एकामागून एक इतिहास दिसू लागे. वाटाड्या कोणी नव्हता. शेजारी बसलेला म्हातारा उतारू किंवा खलाशी सांगेल तेवढेच. मुंबईचे बारे सोडल्यावर पहिल्यांदा खांदेरी-उंदेरीची जोडी लागे. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केली, त्याला उत्तर म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. पुढे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी त्याच सिद्दीचा जंजिरा. मराठ्यांनी वारंवार वेढे घालूनही तो कधी पडला नाही आणि संस्थान म्हणून १९४८ पर्यंत टिकला. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, जो १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतला. आंग्र्यांविरुद्धच्या त्याच मोहिमेच्या काळात बाणकोट इंग्रजांकडे आले आणि त्यांनी तिथल्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले.

दाभोळला बोट बराच वेळ थांबे, कारण इथून चिपळूणकडे खाडीतून लाँच जात असे. हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी होते. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे आणि हज यात्रेकरू इथून निघत. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळले, त्यानंतरही ते सावरले. आगबोटीच्या काळात मात्र त्या वैभवातली धक्क्याजवळची आदिलशाही मशीद तेवढी उरली होती आणि दाभोळला उतरणारे बहुतेक लोक ती न पाहताच लाँच पकडायला धावत.

रत्नागिरी हे या वाटेवरचे मोठे बंदर आणि जिल्ह्याचे ठाणे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी एप्रिल १८८६ मध्ये इथे जहाजाने आणून ठेवले. जागेची निवड हिशेबी होती: सरकारला बोटीने सहज पोहोचता येईल, पण रेल्वे नाही, मोठे शहर नाही, अशा ठिकाणी कैदी ठेवणे सोयीचे होते. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. बोटीच्या लोकांसाठी रत्नागिरीचे महत्त्व मात्र आंब्यामुळे. हापूसच्या करंड्या बोटीतून मुंबईला जात. आंब्याचा हंगाम संपतो तेव्हाच पावसाळ्यामुळे बोटी बंद होत. बागायतदाराच्या दृष्टीने निसर्गाने केलेली ही एक बरी सोय होती.

विजयदुर्गला किल्ल्याचा तट थेट पाण्यात उतरतो. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्या वेळी आंग्र्यांचे आरमार जळाले. या किल्ल्याबद्दल एक समज वर्षानुवर्षे छापला जातो, की १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने इथून हेलियमचा शोध लावला. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. ते ग्रहण पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि त्या वेळी त्याचा तळ या किल्ल्यात होता. खरी गोष्टही पुरेशी मोठी आहे, तिला तीस वर्षे मागे ढकलण्याची गरज नाही.

मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आहे. १६६४ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि आतल्या देवळात शिवाजी महाराजांची मूर्ती पुजली जाते. मालवणच्या पुढे वेंगुर्ले. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले आणि आंबोली घाटाने बेळगावकडे जाणाऱ्या मालाचे ते तोंड बनले. घाटमाथ्यावर रेल्वे पोहोचली तसा हा माल आटला. वेंगुर्ल्यानंतर तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगिजांचा मुलूख सुरू होई आणि मांडवीत शिरून बोट पणजीला लागे. तिथून चढणाऱ्यांत मुंबईच्या बोटींवर, हॉटेलांत आणि बँडात नोकरीला निघालेले गोवेकर असत. धोबीतलावाच्या परिसरातल्या त्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक बिऱ्हाडे, त्यांची वाट पाहत.

बहुतेक बंदरांत बोटीला धक्का नव्हता. ती आत उथळ पाण्यात येऊ शकत नसे म्हणून बाहेर नांगर टाकी, भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव व होड्या तिच्याकडे धावत. बोटीच्या शिडीवरून हेलकावणाऱ्या होडीत उतरणे हा सगळ्या प्रवासातला कठीण भाग. लहान मुले हातोहात दिली जात, ट्रंका दोरीने सोडल्या जात आणि होडी किनाऱ्याशी टेकली तरी शेवटचे काही हात पाण्यातून चालावे लागे किंवा हमालाच्या खांद्यावर बसावे लागे. आगबोटीच्या तिकिटावर इंग्रज कंपनीचे नाव असले, तरी प्रवासाचा पहिला आणि शेवटचा फर्लांग गावातल्या भंडारी, गाबीत, कोळी आणि दालदी खलाशांच्या हातात होता.

जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत ही लांबची वाट बंद असे. मुंबईत अडकलेल्याला गावी जायचे झाले तर रेल्वेने कऱ्हाड किंवा कोल्हापूर गाठून कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा एखाद्या घाटाने उतरावे लागे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर पुन्हा बोटींची वर्दळ सुरू होई आणि गणपतीसाठी निघालेल्या चाकरमान्यांची गर्दी पहिल्या फेऱ्यांवर पडे. १८९६-९७ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गर्दी उलट कारणाने उसळली. लोक गावाकडे पळाले आणि बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली.

अपघातांची आठवण या वाटेला कायम चिकटलेली आहे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी शेफर्ड कंपनीचीच ‘वैतरणा’ कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेचे दिवे असल्याने गुजरातेत तिला ‘वीजळी’ म्हणत. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी वादळात एकाच दिवशी बुडाल्या. ‘तुकाराम’ हे नाव योगायोगाने पडलेले नव्हते. परकी कंपन्यांच्या स्पर्धेत स्वदेशीच्या भावनेने भारतीय भांडवलावर एक कंपनी उभी राहिली होती. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिच्या अनेक बोटींना संतांची नावे असत.

त्याच कंपनीची ‘रामदास’, १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या तोंडावरचा दिवस, त्यामुळे बोटीवर सुट्टीला निघालेल्यांची गर्दी होती. निघाल्यावर तासाभराच्या आतच काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, पाणी आत येताच उतारू एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी पोहोचायला बरेच तास लागले आणि तीही पोहून वाचलेल्यांमुळे कळली. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत हा दिवस अजून विसरला गेलेला नाही. स्वातंत्र्य महिनाभरावर आले असल्याने देशाच्या स्मृतीत मात्र त्याला फारशी जागा मिळाली नाही.

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव झाली. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये स्थापलेल्या सिंधिया कंपनीने बॉम्बे स्टीम आपल्या ताब्यात घेतली होती. पण उतारूंचा धंदा दिवसेंदिवस तोट्याचा होत गेला. १९५० च्या दशकात गोव्याची नाकेबंदी झाली तेव्हा पणजीची फेरी खुंटली; १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि चौगुले कंपनीच्या ‘रोहिणी’ आणि ‘सरिता’ या वाटेवर धावू लागल्या. त्यानंतर मोगल लाइनच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आल्या. याच बोटींवर डेकवर झोपून गोव्याला जाणाऱ्या परदेशी तरुणांची भर पडली आणि चाकरमान्याची बोट हळूहळू सहलीची बोट होऊ लागली.

तोवर जमिनीची बाजू बदलली होती. १९४८ मध्ये सुरू झालेली एसटी गावोगाव पोहोचली, महामार्गावरच्या खाड्यांवर पूल झाले आणि पावसाळ्यातही घरी जाता येऊ लागले. एसटी घराजवळ उतरवते, बोट बंदरावर. या हिशेबापुढे बोटीचा निभाव लागणे शक्य नव्हते. १९८० च्या दशकाअखेर मुंबई-गोवा उतारू सेवा थांबली. नव्वदीत दमानियांच्या वेगवान कॅटामरानने ती काही वर्षे चालवून पाहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि हा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

२० ऑक्टोबर २०१८ रोजी ‘आंग्रिया’ ही पर्यटक बोट मुंबईहून गोव्याला सुरू झाली. टोकियोहून ओगासावारा बेटांना जाणारे जुने जपानी जहाज घेऊन ती सजवली होती. १३१ मीटर लांब, शंभरावर खोल्या, वर पोहण्याचा तलाव. नाव कान्होजी आंग्र्यांवरून आणि विजयदुर्गसमोर खोल समुद्रात असलेल्या प्रवाळाच्या आंग्रिया बँकेवरून घेतलेले. ती संध्याकाळी सुटे आणि रात्रभर चालून सकाळी मुरगावला लागे. जंजिरा, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण ही सगळी बंदरे अंधारात मागे पडत आणि एकाही ठिकाणी तिला नांगर टाकावा लागत नसे. २०२० च्या टाळेबंदीत तीही थांबली.