सदावर्ताचे द्रव्य आणि केदार-बदरीची वाट

हिमालयातील तीर्थयात्रांचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा देवालयाच्या प्राचीनतेवर स्थिरावते. केदारनाथाचे मंदिर कोणी उभारले, आद्य शंकराचार्यांशी त्याचा संबंध कितपत, हे प्रश्न पुष्कळ चर्चिले गेले. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील, भाऊबीजेला द्वारे मिटून पुढील वैशाखापर्यंत हिमात गाडल्या जाणाऱ्या या स्थानी दूर देशीचा यात्रिक पोहोचत कसा असे, आणि मुख्य म्हणजे वाटेत खात काय असे, हा प्रश्न उपेक्षितच राहिला. वस्तुतः यात्रेचे सातत्य देवालयापेक्षा या व्यवस्थेवर अधिक अवलंबून होते.

गढवालची शेती डोंगरउतारावरील अरुंद पायऱ्यांची. गावाचे पोट भरून उरेल इतके धान्य तेथे क्वचितच पिके. अशा प्रदेशात ऐन उन्हाळ्यात सहस्रावधी परके लोक उतरत, आणि हरिद्वारच्या कुंभवर्षी तर ही संख्या कितीतरी वाढे. यावर जुन्या राजवटींनी योजलेला उपाय भूमिदानाचा होता. त्याचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. ‘गूंठ’ गावांचा महसूल देवाच्या पूजाअर्चेसाठी असे. ‘सदावर्त’ गावांचा महसूल यात्रिकांच्या अन्नासाठी. पहिल्याचा धनी देव, दुसऱ्याचा भुकेला मनुष्य. पहाडी राजांनी सुरू केलेली ही परंपरा गोरखा राजवटीतही चालू राहिली. अहिल्याबाई होळकरांनी या क्षेत्री बांधविलेल्या धर्मशाळांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. त्यांचे औदार्य निर्विवाद आहे. परंतु निवारा आणि शिधा ही या यात्रेची मूळ गरज त्यांनी ओळखली होती, हे अधिक महत्त्वाचे.

१८१५ मध्ये गोरख्यांचा पराभव होऊन कुमाऊं व गढवालचा पूर्व भाग कंपनी सरकारकडे आला. केदार आणि बदरी ही दोन्ही क्षेत्रे ब्रिटिश गढवालात राहिली. अलकनंदेपलीकडील टिहरी राजास परत मिळाले. १८३५ पर्यंत येथील कारभार पाहणारा कमिशनर जॉर्ज विल्यम ट्रेल याने सदावर्ताचे उत्पन्न यात्रामार्गाच्या बांधणीकडे वळविले. हा निर्णय अविचारी होता असे म्हणता येणार नाही. दोरांचे झुलते पूल आणि कड्यांवरील पाऊलवाटा यांनी अनेकांचा बळी घेतला असला पाहिजे, आणि चांगली वाट श्रीमंत-दरिद्री सर्वांनाच उपयोगी पडते. तथापि दात्यांनी पोटासाठी दिलेले द्रव्य येथे पायांसाठी खर्च झाले, आणि या फरकाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही.

कसा, ते ‘चट्टी’वरून स्पष्ट होते. वाटेवर काही मैलांच्या अंतराने असलेला हा गवताने शाकारलेला मुक्काम. चट्टीवाला दुकानदार निवाऱ्याचे भाडे घेत नसे. भांडीही तोच देई. अट एकच, पीठ, तांदूळ, डाळ, तूप त्याच्याकडून विकत घ्यावयाचे. मैदानातून आणलेल्या धान्याचा भाव चढत्या वाटेबरोबर चढत जाई. ज्याच्या कमरेला पैसा होता त्याला ही व्यवस्था उत्तम. केवळ कमंडलू घेऊन निघालेल्या साधूला आणि काशीपासून पायी आलेल्या विधवेला मात्र चट्टीत स्थान नव्हते. सुधारलेल्या वाटेने यात्रिक वाढले, चट्ट्या वाढल्या, आणि दानाची जागा क्रमाने व्यापाराने घेतली. पुढे सदावर्ताच्या निधीतून मार्गावर दवाखानेही चालविले गेले. वाढत्या यात्रेबरोबर पटकीची साथही या वाटेने वर चढत असल्यामुळे तो खर्च आवश्यकच होता. पण अन्नाची उणीव त्याने भरून निघाली नाही.

ती भरून काढण्याचा मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका संन्याशाने केला. स्वामी विशुद्धानंद, अर्थात बाबा काळी कमलीवाले, यांनी ऋषिकेश हे केंद्र धरून मार्गावर धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. साहाय्य प्रामुख्याने मारवाडी व्यापाऱ्यांचे होते. लक्ष्मणझुल्याचा १८८९ चा लोखंडी पूलही कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांच्या दानातून झाला. तो १९२४ च्या पुरात वाहून गेल्यावर नवा बांधावा लागला. राजाने दिलेल्या भूमीची जागा अशा रीतीने दूरच्या शहरातील पेढीने घेतली. सदावर्त हा शब्द राहिला, दाता बदलला.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेवरील मार्गांना वेग आला आणि मोटार बदरीनाथापर्यंत पोहोचली. त्या वाटेवरील बहुतेक चट्ट्या पुढे ओस पडल्या. केदारनाथाचा शेवटचा टप्पा मात्र पायवाटेचाच राहिल्यामुळे गौरीकुंडाच्या वरची रामबाडा ही चट्टी टिकून होती. जून २०१३ च्या प्रलयात मंदाकिनीने ती समूळ नेली. त्यानंतर वाट नदीच्या दुसऱ्या तीराने वळविण्यात आली, आणि पूर्वीची १४ किलोमीटरची चढण सुमारे १६ किलोमीटरांची झाली.