मूकपटातला संसार : लुबिच आणि चंदुलाल शहा

मंडळी, मूकपटात संवाद ऐकू येत नाहीत. मग नवराबायकोतला रुसवा, संशय, लाडीगोडी दाखवायची कशी? इथेच दिग्दर्शकाची शैली दिसते. आपण दोघांची उदाहरणं शेजारीशेजारी ठेवू.

पहिला अर्न्स्ट लुबिच. बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा, पुढे हॉलिवुडला गेला. त्याच्या १९२४च्या ‘द मॅरेज सर्कल’मध्ये सुरुवातीलाच एक प्राध्यापक मोजा घालतो, तर मोज्याला भोक! स्वतःचा खण उघडतो, तो जवळजवळ रिकामा. बायकोचा मात्र गच्च भरलेला. झालं. या संसारात काय बिनसलंय ते आपल्याला कळतं, शब्दांची गरजच पडत नाही. भांडण दाखवायचं नाही, खण दाखवायचा. उरलेलं प्रेक्षकाने ओळखायचं आणि हसायचं. ही लुबिचची रीत.

दुसरे आपल्या मुंबईचे चंदुलाल शहा. जन्म जामनगरचा, आधीचा व्यवसाय शेअरबाजारातला. पौराणिक चित्रपटांची चलती असताना त्यांनी १९२६ मध्ये ‘टायपिस्ट गर्ल’ केला आणि १९२७ मध्ये ‘गुणसुंदरी’, नायिका गोहर. हा सामाजिक चित्रपट, निव्वळ विनोदी नव्हे. पण प्रश्न लुबिचचाच, लग्नानंतर प्रेमाचं काय होतं? बायको घरकामात बुडालेली, नवऱ्याचं मन बाहेर. ती नुसती रडत बसत नाही. चार लोकांत वावरायला लागते, नवऱ्याची सोबतीण होते आणि त्याला परत मिळवते.

आता फरक बघा. लुबिच नवरा आणि बायको दोघांनाही सारखंच हसतो, धडा कुणालाच देत नाही. शहांच्या कथेत कुणीतरी बदलावंच लागतं, आणि बदलते ती बायको. आपल्याकडे बाईने उंबरठा ओलांडला म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. शहांनी तेच पाऊल संसार सावरणारं ठरवलं. त्या काळी हे धाडसच म्हणायचं. पण त्या धाडसाला परवाना मिळाला तो नवऱ्यासाठी म्हणून. तिला स्वतःला बाहेर जावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं नव्हतं.

प्रेक्षकांना हे पटणारं होतं. १९२९ मध्ये शहा आणि गोहर यांनी रणजित कंपनी उभी केली, आणि बोलपट आल्यावर १९३४ मध्ये ‘गुणसुंदरी’ पुन्हा काढला. म्हणजे पडदा बोलू लागला तरी प्रश्न जुनाच राहिला. आज बुलढाण्यात बसून आपण तो जरा पुढे नेऊ : संसार बिघडला की बदलायचं कुणी, हे आपण अजून कुणाकडे बघून ठरवतो?