आंकड्यांत मावलेला गोलंदाज

खेळाडूच्या गुणांचें मोजमाप आंकड्यांनीं करितां येतें काय, हा प्रश्न क्रीडाशौकिनांप्रमाणें इतिहासाच्या अभ्यासकांसहि टाळतां येत नाहीं. अमेरिकेंत १९६१ सालीं निघालेल्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नांवाच्या बैठ्या बेसबॉलनें त्याचें एक चतुर उत्तर दिलें. या खेळांत प्रत्येक खेळाडूच्या नांवें एक कार्ड असतें. पहिल्या फांशावर १ ते ३ पडल्यास फलंदाजाचें कार्ड पाहावयाचें, ४ ते ६ पडल्यास पिचरचें, म्हणजे चेंडू टाकणाराचें. उरलेल्या दोन फांशांच्या बेरजेवरून निकाल वाचावयाचा. निम्मे निकालच पिचरच्या कार्डावरून लागत असल्यामुळें त्याचा गुण तेथें दुपटीनें दाखवावा लागतो. समजा, सामान्य पिचर शंभर फलंदाजांमागें २५ सफल फटके देतो व आपला पिचर २१. तर त्याच्या कार्डावर १७ हें प्रमाण ठेवावें लागतें, कारण २५ आणि १७ यांची सरासरी २१ येते.

क्रिकेटमधील गोलंदाज हा पिचरचाच भाऊबंद. तेव्हां हीच दृष्टि १८७६ सालीं जन्मलेल्या पालवणकर बाळू यांस लावून पाहूं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ बळी घेतले, तेहि प्रत्येकीं सुमारें १५ धावा देऊन. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत, सर्व सामने धरून, ११४. असें कार्ड कोणत्याहि संघास हवेंसें वाटेल. परंतु ही प्रथम श्रेणीची नोंद सुरू होते १९०५-०६ च्या हंगामांत, बाळूंच्या तिशीच्या सुमारास. तत्पूर्वीं पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखतां राखतां साहेबलोकांस सरावासाठीं त्यांनीं जे असंख्य चेंडू टाकले, ते या हिशेबांत नाहींत.

शिवाय ते चांभार जातींत जन्मलेले. पुण्याच्या हिंदु संघांत प्रवेश मिळाल्यावरहि चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत. चौरंगी सामन्यांतील हिंदु संघाचा नायक म्हणून त्यांची निवड कधींच झाली नाहीं. तो मान १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला.

यावरून आंकडे निरुपयोगी ठरतात, असें आम्ही म्हणत नाहीं. बळींच्या रकान्यानें बाळूंची जात विचारिली नाहीं. ती माणसांनीं विचारिली. आंकड्याची उणीव निराळी आहे: मैदानावर जेवढें घडूं दिलें गेलें, तेवढेंच त्यास ठाऊक असतें. म्हणून जुनी सरासरी वाचतांना चेंडू हातीं येण्यास किती वर्षें लागलीं, आणि कोणाच्या हातीं तो आलाच नाहीं, हेंहि इतिहासकारानें विचारिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.