देवी ‘आल्या’ तेव्हाची भाषा

अनसिंगच्या आमच्या घरात आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणीच्या त्या दुखण्याबद्दल बोलताना ती ‘मले देवी आल्या होत्या’ असे म्हणे. ‘होतो’ तो रोग. ‘येते’ ती पाहुणी. आजारी लेकराभोवतीची सारी वागणूक या क्रियापदाने ठरे. घरात भांडण नाही, वरच्या आवाजात बोलणे नाही, फोडणी नाही. खाटेपाशी कडुनिंबाचे डहाळे. लेकरू कितीही चिडले तरी त्याला रागवायचे नाही, कारण चिडते ती देवी. दोष लेकराकडे जातच नसे.

या श्रद्धेची किंमतही मोजावी लागली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली गेली. भारतातील ही पहिली लस. पण देवी कोपेल या भीतीने पुढेही अनेक घरांनी मुले लपवली. लसीकरणालाही लोक ‘देवी काढणे’च म्हणत. देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, फार चांगले झाले. मात्र आजारी मुलाशी जपून बोलण्याची रीतही विस्मरणात गेली.

हे मला उमगले माझ्या भाचीच्या आजारपणात. वय सात, रक्ताचा कर्करोग. शहरातल्या इस्पितळात डॉक्टर तिच्या उशाशी उभे राहून आमच्याशी बोलत, तिच्याशी नाही. आम्हीही तिच्यासमोर इंग्रजी शब्दांचा आडोसा घेत असू.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी अशाच आजाराच्या मुलांमध्ये राहून १९७८ साली ग्रंथ लिहिला. कुणी न सांगताही मुलांना आपली अवस्था कळलेली असते आणि आईवडिलांना सांभाळण्यासाठी ती गप्प राहतात, हा त्यांचा निष्कर्ष. तो मी फार उशिरा वाचला.

एका रात्री भाचीच म्हणाली, “मामा, मले काय झालं ते तुमाले सांगू का?”

तिने सांगितले. जवळजवळ सारे बरोबर होते. चूक एकच: शाळेत मैत्रिणीला ढकलले म्हणून हे झाले, असे ती समजत होती.

“नाही गं बाई, तुझ्यामुळे काहीच झालं नाही,” मी म्हणालो. एवढे एक वाक्य बोलायला आम्हाला चार महिने लागले होते.